क्रूझवरची काटकसर नेमकी कुणाच्या खिशातून?

उन्हाळा जवळ आला की न्यू जर्सीतल्या देसी मंडळींच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हटकून फिरायला लागतो. 'क्रूझवर पैसे वाचवण्याच्या दहा युक्त्या.' मूळ कुणी लिहिलंय ते देवाला ठाऊक. युक्त्या थोड्याफार बदलतात, क्रम बदलतो, पण एक युक्ती कधीच चुकत नाही: शेवटच्या दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जा, 'सर्व्हिस आवडली नाही' म्हणा, बिलातली ग्रॅच्युइटी काढून टाकायला सांगा. ते काही विचारत नाहीत. झाले शे-दोनशे डॉलर वाचले! खाली चार अंगठे, दोन हसरे चेहरे आणि एखाद्याचं 'वर्क्स, ट्राईड इट लास्ट इयर.'

हे वाचून माझं डोकं सटकतं. टीप या प्रकाराचं मला फार प्रेम आहे असं नाही. पण हीच माणसं त्याच बोटीवर काय-काय घेतात ते बघा, आणि नेमकी कुठे काटकसर करतात तेही बघा. पैसे वाचवायला माझा काडीचाही विरोध नाही. आपण सदाशिव पेठी मनाचे लोक, डॉलरमध्ये पगार घेऊनही डोक्यात गुणाकार चालूच असतो. फक्त वाचवायचे तर जिथे कंपनी आपल्याला लुटते तिथे वाचवावेत की नाही? तिथे सगळे गप्प. आणि जो माणूस सकाळी आपली खोली आवरून टॉवेलचा हत्ती करून ठेवतो, त्याच्या खिशात हात.

तर आधी पैसा कुठून कुठे जातो ते बघू. मग शिव्या.

क्रूझचं तिकीट स्वस्त का असतं हा प्रश्न इंजिनिअर माणसाला पडायलाच हवा. पाच रात्री राहणं, तीन वेळचं (खरं तर आठ वेळचं) खाणं, रोज संध्याकाळी शो, पोहण्याचा तलाव, आणि वर एका बेटावर नेऊन परत आणणं. एवढं सगळं साध्या मॉटेलच्या भाड्यात कसं बसतं? उत्तर सोपं आहे: बसत नाहीच. तिकीट हे दारातून आत यायचं भाडं. कार्निव्हल कॉर्पोरेशन या जगातल्या सर्वांत मोठ्या क्रूझ कंपनीचे २०२४ चे आकडे बघा. एकूण उत्पन्न सुमारे २५ अब्ज डॉलर, त्यातले साडेआठ अब्जांच्या आसपास 'ऑनबोर्ड अँड अदर' या खात्यात. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. दारू, कसिनो, स्पा, फोटो, वाय-फाय, किनाऱ्यावरच्या सहली वगैरे. इंकजेट प्रिंटर स्वस्तात विकून शाईत पैसे काढायचे, तोच धंदा. फक्त प्रिंटर तीनशे मीटर लांब आहे आणि आपण त्याच्या आत बसलोय.

आता एक गणित. आकडे मी गोल केलेत आणि उदाहरणादाखल घेतलेत, पण कुठल्याही कंपनीच्या साईटवर जाऊन आपले आपण भरून बघा, चित्र फारसं बदलणार नाही. न्यू जर्सीतल्या बेयॉनहून, म्हणजे केप लिबर्टी बंदरातून, बर्म्युडाची पाच रात्रींची सफर. दोन माणसं, आतली खोली, माणशी ४९९ डॉलर, बंदराचं शुल्क धरून. (बंदराचं शुल्क पूर्वी शेवटच्या पानावर दचकवायचं. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियाचा कायदा आला आणि बड्या कंपन्या ते पहिल्याच आकड्यात धरून दाखवायला लागल्या. एवढं एक बरं झालं.) म्हणजे ९९८ डॉलर. ग्रॅच्युइटी माणशी रोज १८ डॉलर धरली तर १८०. दारूचं पॅकेज रोज ७५ डॉलर, वर १८ टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे साडेअठ्ठ्याऐंशी. दोघांचे पाच दिवसांचे ८८५. एका फोनचं वाय-फाय १००. बर्म्युडात कंपनीची एक सहल, माणशी ९०, दोघांचे १८०. बंदरावरचं पार्किंग १५०. बेरीज २,४९३.

९९८ चे २,४९३. अडीच पट. आणि या यादीतून आमच्या फॉरवर्डवाल्या मित्राला खुपलं काय? ते १८०! ८८५ च्या पॅकेजकडे बघून साहेब म्हणतात, 'अनलिमिटेड आहे यार, पैसे वसूल.'

वसूल? करून बघू. कॉकटेल १३ डॉलरचं धरा, सर्व्हिस चार्ज धरून सव्वापंधराच्या वर. साडेअठ्ठ्याऐंशी वसूल व्हायला रोज सहा कॉकटेल लागतात. आठ डॉलरची बिअर असेल तर रोज नऊ पिऊनही बरोबरी होत नाही. आणि हे रोज, पाच दिवस, सकाळी बेटावर उतरून फिरायचं आहे त्या दिवशीसुद्धा. शिवाय काही कंपन्यांचा नियम असा की खोलीतल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं. म्हणजे तुम्ही पिणारे आणि बायको जेवताना अर्धा ग्लास वाईन घेणारी असेल (किंवा उलट, आमच्याकडे उलटंही असतं), तरी दोघांचे पैसे मोजा. कार्निव्हलच्या पॅकेजला तर दिवसाला पंधरा पेगांची मर्यादा आहे. म्हणजे ते 'अनलिमिटेड'ही नाही, आणि ती मर्यादा गाठायची वेळ आली तर प्रश्न पैशांचा उरलेला नसतो. सोळा वर्षांच्या पोराला ॲल्जिब्रात घालतात तसलं हे गणित. आपण ते सोडवत नाही, कारण 'अनलिमिटेड' हा शब्द दिसला की आपल्या डोक्यात लग्नाची पंगत उभी राहते.

पॅकेज घेऊ नका. सरळ एक-एक ग्लास घ्या, त्याचे पैसे द्या. बऱ्याच कंपन्या पहिल्या दिवशी चढताना माणशी एक वाईनची बाटली बरोबर न्यायला परवानगी देतात. ती न्या आणि खोलीत प्या. पाणी, चहा, साधी कॉफी, लिंबू सरबत फुकट असतं. बुफेत आणि मुख्य डायनिंग रूममध्ये जेवण तिकिटात धरलेलं असतं, त्यामुळे 'स्पेशालिटी रेस्टॉरंट'मध्ये जाऊन परत पैसे मोजायची गरज नाही. शाकाहारी मंडळींनी पहिल्याच रात्री वेटरला इंडियन व्हेजिटेरियन विचारावं. मेन्यूत ठळक नसलं तरी बहुतेक मोठ्या बोटींवर डाळ, भाजी, भात मिळतो, आणि एकदा सांगितलं की दुसऱ्या दिवशीपासून तो वेटर आपल्याला न विचारता आणून देतो. (या वेटरला लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.)

सहलींचंही तसंच. बर्म्युडात बोट रॉयल नेव्हल डॉकयार्डला लागते. तिथून बाहेर पडलं की सरकारी गुलाबी बस आणि फेरी, दोन्हींना चालणारा दिवसाचा पास मिळतो. ७ नंबरची बस हॉर्सशू बे ला जाते, तोच तो गुलाबी वाळूचा किनारा, ज्याच्यासाठी कंपनी व्हॅनमधून न्यायचे कित्येक पटीने पैसे घेते. बहामाला गेलात तर नासाऊच्या बंदरातून जंकानू बीच चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एक गोष्ट मात्र खरी: कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, तुमच्या बसला उशीर झाला तर थांबत नाही. तेव्हा घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवायचं आणि दोन तास आधी परतायचं. पुणे-मुंबई शेवटची ट्रेन पकडलेल्या माणसाला हे सांगायला नको.

भाड्यात वाचवायचं तर शाळांच्या सुट्ट्या सोडून जा. सप्टेंबर-ऑक्टोबर स्वस्त असतो कारण तो वादळांचा काळ (अटलांटिकचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, जोर त्या दोन महिन्यांत). कधी-कधी बेट बदलतं, तेवढी तयारी हवी. डिसेंबरचे पहिले दोन आठवडे आणि नवीन वर्ष उलटून गेलेला जानेवारीही बरा असतो, फक्त तेव्हा उत्तरेकडे थंडी, मग फ्लोरिडापर्यंत विमानाचं भाडं आलं. खोली आतली घ्या. बाल्कनीतून समुद्र दिसतो हे खरं, पण तोच समुद्र अकराव्या डेकवरून जास्त दिसतो आणि फुकट. परतावा मिळणारं डिपॉझिट भरून लवकर बुक करा आणि शेवटचा हप्ता भरेपर्यंत अधूनमधून भाव बघा; उतरला तर बऱ्याच कंपन्या मागितल्यावर नव्या भावाने करून देतात. मागितल्यावर, हं. आपणहून कुणी फोन करत नाही. जहाजात चढलं की फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर बोटीचं सेल्युलर नेटवर्क तुमच्या बिलात असा भोपळा घालेल की दारूचं पॅकेज स्वस्त वाटेल. आणि बोट लागते त्यांनी गोळ्या घरूनच न्या. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या पिढीला हे शिकवावं लागलं नव्हतं.

अजून एक, ते 'पासपोर्टसुद्धा लागत नाही' वाल्या युक्तीबद्दल. ती अमेरिकन नागरिकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. आणि एच-१बी वाल्यांनी तर पासपोर्टमधला व्हिसाचा स्टॅम्प अजून चालू आहे ना हे पैसे भरायच्या आधी बघावं. स्टॅम्प संपला असला तरी आय-९४ च्या जोरावर तीस दिवसांच्या आत कॅनडा किंवा मेक्सिकोला जाऊन परत येता येतं, एवढं आपल्याला ऐकून माहीत असतं. ती सवलत शेजारच्या बेटांना फक्त एफ आणि जे व्हिसावाल्यांना लागू आहे. एच-१बी वर, संपलेल्या स्टॅम्पने बर्म्युडा-बहामा करून परत बेयॉनला उतरणार असाल तर अडकाल. कारण तुमच्या दृष्टीने ती बोट निघाली तिथेच परत आली, पण इमिग्रेशनच्या दृष्टीने तुम्ही देश सोडून गेलात. ४९९ च्या डीलमध्ये भारतात जाऊन स्टॅम्पिंग करायचा खर्च कुणी धरत नाही. शिवाय त्या-त्या बेटाचे भारतीय पासपोर्टसाठीचे नियम निराळे, तेही बघायला लागतात. आमच्या फॉरवर्डमध्ये यातलं एक अक्षर नसतं. ग्रॅच्युइटी कशी कापायची ते मात्र स्टेप बाय स्टेप.

हं, तर आता ग्रॅच्युइटी.

पूर्वी क्रूझवर शेवटच्या रात्री लोक पाकिटात रोख पैसे घालून आपल्या वेटरला आणि खोली आवरणाऱ्याला द्यायचे. मग कंपन्यांनी ते रोजच्या हिशेबाने बिलातच लावायला सुरुवात केली. कंपनी-कंपनीत तपशील वेगळे, पण साधारण रचना अशी: मूळ पगार थोडा आणि उरलेली कमाई या जमलेल्या पैशांतून. वाटणी खोली आवरणारा, डायनिंग रूमचे वेटर आणि त्यांचे मदतनीस, आणि मागे राबणारी, आपल्याला न दिसणारी माणसं यांच्यात होते.

ही माणसं कोण? नावाची पाटी वाचा, देशाचं नाव खाली लिहिलेलं असतं. फिलिपिन्स, इंडोनेशिया, इंडिया. आणि इंडिया लिहिलेल्या पाट्यांवरची आडनावं बघा: गोव्याची सापडणार. सासष्टीत घरटी नाही तरी वाडीगणिक एक तरी माणूस बोटीवर असतो. कोंकणीत त्याला तारवटी म्हणतात. रत्नागिरी-रायगडकडची पोरंही असतात. सीडीसी काढायची, एसटीसीडब्ल्यूचे सुरक्षेचे कोर्स करायचे, मेडिकल करायची आणि सहा ते नऊ महिन्यांच्या कराराने जायचं. करार संपला की पगार बंद, पुढचा करार येईपर्यंत घरी. आपल्या भाषेत सांगायचं तर दर वेळी बेंचवर, पण बेंचचा पगार नाही.

आणि काम किती? मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१३ पासून लागू. त्यात देशांना दोन पर्याय दिलेत: कामाच्या तासांची कमाल मर्यादा ठरवा किंवा विश्रांतीची किमान मर्यादा. विश्रांतीची मर्यादा आहे दिवसाला दहा तास आणि आठवड्याला ७७ तास. आठवड्यात तास १६८. वजाबाकी तुम्हीच करा. ९१ येते. रविवार त्यात आला. आपण रिलीजच्या आठवड्यात साठ तास बसलो तर लिंक्डइनवर बर्नआउटवर निबंध लिहितो.

एप्रिल २०२० आठवतोय? 'मरेला डिस्कव्हरी' नावाची क्रूझ बोट मुंबईच्या बाहेर येऊन थांबली होती. आत भारतीय खलाशी, समोर मुंबई दिसतेय आणि उतरायची परवानगी नाही. कित्येक दिवसांनी त्यांना खाली घेतलं. त्या वर्षी बोटी ठप्प झाल्या तेव्हा गोव्यातल्या कितीतरी घरांचा एकमेव पगार एका रात्रीत थांबला. त्यातलेच लोक आज परत त्या बोटींवर आहेत आणि आपल्याला सांगताहेत, 'सर, टुडे पनीर इज व्हेरी गुड.'

यावर मला येणारं ठरलेलं उत्तर: 'पण पगार देणं ही कंपनीची जबाबदारी आहे. आम्ही का द्यायचा?' अगदी बरोबर! शंभर टक्के मान्य. पगाराचा एक भाग 'ग्रॅच्युइटी' म्हणून वेगळा दाखवायचा म्हणजे तिकीट स्वस्त दिसतं, ही कंपनीची शुद्ध चलाखी आहे. बोटी बहामा-पनामाचे झेंडे लावून फिरतात तेही अमेरिकेतले मजुरीचे कायदे टाळता यावेत म्हणून. याबद्दल कंपन्यांना झोडपा, मी पुढे उभा राहतो. पण काउंटरवर जाऊन १८० डॉलर काढून टाकल्याने कंपनीचं काय वाकडं होतं? तिने तिकीट विकलं, दारू विकली, सहल विकली. तुमचा निषेध तिच्यापर्यंत पोचतच नाही. तो थेट सातव्या डेकवरच्या माणसाच्या पगारातून वजा होतो. आपल्या सीटीसीत व्हेरिएबल पे असतो ना? उद्या एखादा क्लायंट म्हणाला, 'व्हेरिएबल ही संकल्पनाच मला पटत नाही, सबब या टीमचा कापा,' तर आपण त्याला तत्त्वनिष्ठ म्हणू का? काय म्हणू ते इथे छापता येणार नाही.

दुसरं उत्तर जरा हुशार असतं: 'आम्ही बिलातली काढतो आणि आमच्या माणसाला हातात रोख देतो.' ऐकायला छान. पण तुमचा माणूस म्हणजे तुम्हाला दिसलेला माणूस. रात्री दोन वाजता चादरी धुणारा, भांडी घासणारा, वेटरच्या मागे प्लेटा वाहणारा तुम्हाला दिसत नाही, त्याला तुमचं पाकीट मिळत नाही. रोख द्यायचं तर वरून द्या. आणि हे म्हणणाऱ्यांपैकी किती जण पाकीट खरंच देतात, याबद्दल माझं मत विचारू नका.

तिसरं उत्तर: 'सर्व्हिस खरंच वाईट होती.' असते कधी-कधी. मग तिसऱ्या दिवशी सांगा ना! गेस्ट सर्व्हिसेसला जा, काय झालं ते सांगा, दुरुस्त करतात. पाचही दिवस हसून 'थँक यू' म्हणायचं आणि शेवटच्या रात्री अकरा वाजता रांगेत उभं राहून अचानक असमाधानी व्हायचं, याला तक्रार म्हणत नाहीत. आणि त्या रांगेत आपले लोक दिसले की मला जास्त लागतं, कारण ज्याचं नाव आपण काउंटरवर सांगतो त्याने सकाळीच आपल्याला 'कहां से हो?' विचारलेलं असतं.

एवढं करूनही बजेट बसत नसेल तर पाचऐवजी चार रात्रींची सफर घ्या, किंवा बोट जुनी आणि लहान घ्या, त्या स्वस्त असतात आणि समुद्र तोच. वरच्या हिशेबातलं पॅकेज आणि कंपनीची सहल सोडलीत तर १,०६५ डॉलर कमी होतात, म्हणजे बरोबर त्या ग्रॅच्युइटीच्या जवळजवळ सहा पट. ती ग्रॅच्युइटी बुक करतानाच तिकिटाबरोबर भरून टाकता येते. मध्ये दर वाढले तरी बहुतेक ठिकाणी भरलेली रक्कम तीच धरतात, आणि शेवटच्या रात्री बिल शून्याजवळ येतं. मग काउंटरकडे जायचं कारणच उरत नाही. वर डेकवर जा, वाऱ्यात बसा, फुकटचा चहा प्या.